अडुसष्टचा शेरा

नोंदबाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात बाळ आहे असंच मला वाटलं. दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून, पायरी चाचपत त्या वर आल्या. टेबलावर ठेवून दुपटं उलगडलं, तर आत संगणकाचा डबा. पाऊण तास बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या प्रवाशाने म्हणे कौतुकाने विचारलं, "किती महिन्यांचं?" बाई म्हणाल्या, "आतलं पंचवीस वर्षांचं आहे." हे मला सांगताना त्या जराही हसल्या नाहीत.

"काय होतंय?" मी विचारलं.

"शेरे उघडत नाहीत."

आता मला त्यातलं काय कळणार? मी बाईंकडे नीट पाहिलं. हडकुळ्या, साठीला टेकलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी बावीस वर्षं संगणक दुरुस्त करतोय, आणि माझा स्वभाव काही गोड नाही. बिघडलेल्या फायलींपेक्षा त्या बिघडवून आणणाऱ्या माणसांचा मला जास्त राग येतो. दुकानात मी पाटीच लावली आहे: "प्रत ठेवली नसेल तर इथे रडू नये." बाईंनी ती पाटी नीट वाचली आणि पर्समधून एक पेनड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला.

"दर शनिवारी प्रत काढते. एकही शनिवार चुकलेला नाही."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, दहा मिनिटांचं काम. पेनड्राइव्ह लावला. त्यात एकच फाइल होती, आणि तीही उघडेना. मग लक्षात आलं. बाई दर शनिवारी नवी प्रत काढत होत्या, पण ती जुन्या प्रतीवरच. फाइल मोडली गुरुवारी, लिहिता लिहिता वीज गेली तेव्हा. शनिवारी बाईंनी नेहमीच्या शिस्तीने मोडकी फाइल उचलली, चांगल्या प्रतीवर ठेवली आणि "जुनी काढून नवी ठेवायची का?" या प्रश्नाला "हो" म्हणून उत्तर दिलं. पंचवीस वर्षं त्या "हो"च म्हणत आल्या होत्या.

मी डोक्याला हात लावला. "अहो बाई, प्रत म्हणजे वेगळी ठेवायची असते! तारीख घालून! एकावर एक थापायला ही काय भिंत आहे?" आणखीही बोललो. त्या ऐकून घेत उभ्या होत्या. माझं संपल्यावर त्यांनी दुपट्याची घडी घातली, चार कोपरे जुळवून, आणि विचारलं, "पण निघेल ना?" मला माझीच लाज वाटली आणि मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली.

बाई बालगृहात कारकून होत्या. त्या बालगृहाच्या फाटकाशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे, कोनाड्यात पाळणा आणि पाळण्यावर घंटा. ज्यांना मूल वाढवणं शक्य नसेल त्यांनी ते तिथे ठेवायचं, घंटा वाजवायची आणि जायचं. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही. बाई बाविसाव्या वर्षी तिथे टायपिस्ट म्हणून तीन महिन्यांसाठी गेल्या, त्याला आता अडतीस वर्षं झाली होती. मुलं तिथल्या आयांना मावशी म्हणत. बाईंना मात्र कोणी मावशी म्हटलं की त्या तिथल्या तिथे दुरुस्ती करत: "मी कोणाची मावशी नाही. मी नोंद ठेवते." म्हणून त्या नोंदबाई.

संस्थेच्या मोठ्या रजिस्टरात आठ रकाने होते. क्रमांक, तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, वजन, खूण, ठेवलेलं नाव आणि पुढे काय झालं. पहिल्याच महिन्यात बाईंच्या लक्षात आलं की जे खरं लिहायला हवं त्याला रकानाच नाही. मूल आणणारी व्यक्ती काही बोलली का? बाळाला कशात गुंडाळलं होतं? दूध पाजून आणलं होतं की उपाशी? बाई ते वह्यांत लिहून ठेवू लागल्या. त्या वह्या एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ल्या. पुढे कोणीतरी संस्थेला एक जुना संगणक दिला, तेव्हा बाई पस्तीस वर्षांच्या होत्या. पुस्तक वाचून वाचून त्यांनी स्वतःच त्यात यादी बनवली आणि आठ रकान्यांपुढे नववा टाकला: शेरा. "वाळवीला संगणक खाता येत नाही," असं त्या तेव्हाच्या संचालकांना म्हणाल्या होत्या.

शेऱ्यांचे त्यांचे नियम होते. पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहायचं. "सोडून दिलेलं मूल" असं कधी लिहायचं नाही, "ठेवलेलं" लिहायचं. "बिचारी", "दुर्दैवी" असले शब्द वर्ज्य. आणि नोंद करणाऱ्याने स्वतःला नोंदीत आणायचं नाही, म्हणजे "मी" हा शब्द कुठेही नको. "मी काय केलं ते कोणाला हवंय?" त्या म्हणाल्या.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही अर्ज करून आपला शेरा मागता येई. संस्थेने ते मान्य केलं तेही बाईंनी पिच्छा पुरवल्यावर. आणि आता असाच एक अर्ज आला होता. एक मुलगी, एकवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. रजिस्टरातला तिचा क्रमांक अडुसष्ट. ती तीन आठवड्यांनी येणार होती.

"तिला पुढची तारीख द्या," मी म्हणालो.

"तिने दोनदा अर्ज करून दोनदा मागे घेतला आहे," बाई म्हणाल्या. "आता ती येतेय. मी तिला पुढची तारीख देणार नाही. आणि पुढच्या महिनाअखेरीनंतर मीही तिथे नसेन. निवृत्ती."

कामाला लागलो. त्या फायलीचं दुखणं असं होतं: क्रमांक, तारीख, वजन वगैरे छोट्या गोष्टी यादीत एका ओळीत बसतात. शेरा मात्र लांब मजकूर. तो यादीत बसत नाही, फायलीच्या पोटात वेगळा पडलेला असतो, आणि यादीत फक्त त्याचा पत्ता असतो. वीज गेली तेव्हा नेमकी यादी मोडली, म्हणजे पत्ते गेले. मजकूर होता, पण कोणाचा ते सांगणारं काही उरलं नव्हतं. तोही आधी नुसती चिन्हं म्हणून दिसत होता. जुना फॉन्ट लागणार होता, आणि त्याची सीडी बाईंकडे निघाली, टेबलाच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवलेली. बाईंनी काही टाकून दिलं असेल असं मला वाटत नाही.

फॉन्ट घातला आणि चिन्हांची अक्षरं झाली. मी पहिला शेरा वाचला.

"म्हातारे गृहस्थ घेऊन आले. टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, हिची आई माझी नात, ती शाळेत आहे. बाळाच्या मुठीत नातीच्या वेणीची रिबीन होती, ती सोडवू नका म्हणाले."

मग दुसरा. "घंटा तीनदा वाजली. दार उघडलं तेव्हा कोणी नव्हतं. बाळाचे कान टोचलेले, ताजे. कोणीतरी आधी कान टोचून आणलं."

मी दुपारी जेवायला घरी गेलो आणि ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "एका फायलीचं काम आहे." ती म्हणाली, "फायलीने तुमची भूक कधीपासून जायला लागली?"

एकूण तीनशे अडतीस शेरे निघाले. संगणक आल्यापासूनच्या रजिस्टरात मुलं चारशे बारा. मी सगळे कागदावर छापले, पट्ट्या कापल्या आणि बालगृहात बाईंच्या टेबलाशी जाऊन बसलो. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी फाटकाकडे, समोर बसचा थांबा. खाली पोरांचा गोंधळ चालू असे. आम्ही अकरा दिवस बसलो. मी पट्टी वाचायची, बाईंनी क्रमांक सांगायचा.

आणि त्या सांगत. रजिस्टर न उघडता! "रिबीनवाली एकशे बारा. कान टोचलेली तीनशे चार, त्या दिवशी गच्चीवरची टाकी फुटली होती." मी मागाहून तारीख, वेळ, वजन विचारून रजिस्टर पाही, सगळं बरोबर जुळे. मी जरा चेवातच आलो. म्हटलं, बघू तरी बाई कुठे चुकतात. एका पट्टीवर फक्त "हिरवा मोजा, एकच" एवढंच होतं. "एकोणनव्वद," बाई म्हणाल्या, "दुसरा मोजा त्याच्या आईकडे असेल." मी हात टेकले.

उरलेल्या मुलांची यादी मी क्रमाने वाचायला घेतली, कारण काही शेरे हरवले होते आणि काही मुळातच रिकामे होते. कुठला कोणता, ते बाईच सांगू शकत होत्या. नऊवर आलो तेव्हा बाई म्हणाल्या, "रिकामा," आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नऊ म्हणजे गॅरेजात काम करणारा एक मुलगा. चार वर्षांपूर्वी तो आपला शेरा मागायला आला होता. अंगात धुतलेला शर्ट, नखांत तेलाचा काळेपणा. बाईंनी नियमाप्रमाणे पडद्यावर बघून त्याला छापील कागद दिला. शेऱ्यापुढे काही नव्हतं. घंटा वाजली, पाळण्यात मूल होतं, बाकी काही कोणी पाहिलं नाही. मुलगा "थँक यू" म्हणाला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि खाली गेला. समोरच्या थांब्यावर बसला. बसमागून बस गेली, तो उठला नाही. बाईंची सुट्टी झाली तरी तो तिथेच होता.

"मी मागच्या दाराने घरी गेले," बाई म्हणाल्या. "त्याच्यासमोरून जायची हिंमत झाली नाही. वाचा पुढचा."

मी वाचत गेलो. अडुसष्ट आला. बाई थांबल्या. "पुढे चला," म्हणाल्या. मग एकाहत्तर.

"हरवला," त्या म्हणाल्या. "शेरा होता. सापडलेल्यांत नाही."

मी रजिस्टरात पाहिलं. मुलगी, वजन एक किलो नऊशे, आणि शेवटच्या रकान्यात: एकोणिसाव्या दिवशी मृत. "ही तर गेलेली आहे," मी म्हणालो. "मग सोडा. हिचा मागायला कोण येणार?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून हातातल्या पट्ट्या सारख्या करत बसल्या. मी पुढचा आकडा वाचला.

सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "दुरुस्तीवाले, अडुसष्टचा शोधा. असेल कुठेतरी."

चष्मेवाली यायला पाच दिवस राहिले होते. मी दुकान अर्धं बंद ठेवून त्या डिस्कच्या मागे लागलो. जिथे फाइल पूर्वी कधी असू शकेल अशी प्रत्येक जागा चाळली. आमच्या धंद्यात याला अक्कल फारशी लागत नाही, चिकाटी लागते, आणि एरवी माझ्याकडे ती नसते. चौथ्या दिवशी दुपारी तीन तुकडे मिळाले. दोन तुटके, अर्थ न लागणारे होते. तिसरा पूर्ण. तो छापून मी तसाच बालगृहात गेलो. बाईंनी पट्टी हातात घेतली.

"दुपारी दोन. बाईने स्वतःचा स्वेटर काढून पाळण्यात अंथरला, मग बाळ ठेवलं. घंटा वाजवून गेली नाही. दार उघडलं तेव्हा म्हणाली, हिला डाव्या कुशीवर झोपवा, तशीच झोपते. तिसऱ्या पायरीवर बसली. पाणी दिलं, ते प्यायली. नाव विचारलं नाही, तिला बोलवत नव्हतं. फाटकापर्यंत जाऊन परत आली, स्वेटरची बटणं लावली, आणि गेली."

बाईंनी ते वाचलं. चष्मा काढला. दोऱ्याची काडी बोटांनी चाचपत बसल्या. पुन्हा वाचलं. आजवर प्रत्येक पट्टीला त्यांनी श्वासभरही वेळ घेतला नव्हता, आणि आता मी उभा राहून राहून अवघडलो.

"हाच का अडुसष्टचा?" मी विचारलं.

"हाच," त्या म्हणाल्या. "टाइप करा."

मी टाइप केलं. मला इतका आनंद झाला होता की जाताना मी खालच्या पोरांना माझ्या खिशातल्या सगळ्या गोळ्या वाटल्या. घसा बसतो म्हणून मी त्या जवळ ठेवतो. पोरांनी तोंडं वाकडी केली, पण खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली आली. नवी प्रत कशी काढायची ते शिकवायला मी तिथेच होतो. बाईंनी मला जायला सांगितलं नाही. मुलगी नीटनेटकी, केस घट्ट बांधलेले, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. बाईंनी तिला कागद दिला नाही, स्वतः वाचून दाखवला. "डाव्या कुशीवर"पाशी मुलीच्या तोंडातून आवाज निघाला. मग ती रडली. अगदी लहान मुलासारखी, नाक ओढत, ओठ काढून. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

"मी अजून तशीच झोपते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुशीवर मला झोपच येत नाही. मला वाटायचं सवय आहे." मग म्हणाली, "मावशी, ती परत आली? बटणं लावायला?"

"परत आली," बाई म्हणाल्या. मावशी म्हटलेलं त्यांनी दुरुस्त केलं नाही.

मुलीने निघताना बाईंच्या टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिलं, तो उचलला, दोरा सोडला आणि आपल्या पर्समधल्या इवल्याशा पेचकसाने काडी बसवून दिली. मग कागद घेऊन खाली उतरली. बाई खिडकीशी गेल्या. मुलगी थांब्यावर आली, पहिली बस आली, आणि ती चढून गेली. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण मला स्वस्थ बसवत नाही. दहा-बारा दिवसांनी दुकानात काम नव्हतं, म्हणून बाईंच्या पेनड्राइव्हची जी हुबेहूब नक्कल मी काढून ठेवली होती ती उघडून बसलो. एकावर एक फाइल ठेवली तरी ती दर वेळी नेमकी त्याच जागी बसतेच असं नाही. जुन्याचा एखादा कोपरा मागे उरतो. तसा एक उरला होता: जुन्या यादीतला तुकडा, क्रमांक साठ ते ऐंशी, शेऱ्यांच्या पत्त्यांसकट. मी खूश. म्हटलं, बाईंचा पाठ पडताळून बघू.

साठ बरोबर. एकसष्ट बरोबर. अडुसष्टपुढे पत्ताच नव्हता. रिकामा रकाना. आणि स्वेटरच्या शेऱ्याचा पत्ता एकाहत्तरपुढे होता.

पाच वेळा तपासलं. मग राग आला, आणि तो माझा नेहमीचा राग नव्हता. माणूस चुकतो ते मी समजू शकतो. पण ज्या नोंदीवर कोणी आयुष्य टेकवणार आहे ती बदलायची? माझ्या हातून बदलून घ्यायची? मी तो तुकडा छापला आणि रविवारी बाईंच्या घरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाई आणि त्यांची थोरली बहीण राहत. ताईंना एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्यानेही बेताचंच. त्या मटार सोलत होत्या. "कोण आलंय?" त्यांनी ओरडून विचारलं. "दुरुस्तीवाले!" बाई ओरडल्या. "आपलं काय बिघडलंय?" ताई म्हणाल्या.

मी कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी एका नजरेत पाहिलं. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"अडुसष्टचा नव्हताच," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग मला चार दिवस कशाला शोधायला लावलंत?"

"मी एकाहत्तरचा शोधत होते."

"मग तसं सांगायचं!"

"सांगितलं होतं. हरवला म्हटलं होतं. तुम्ही काय म्हणालात?" त्यांचा आवाज चढला नाही. "मेलेल्या मुलासाठी तुम्ही चार दिवस घातले असते?"

ताईंच्या हातून मटारचा एक दाणा घरंगळत माझ्या पायापाशी आला. तो उचलायला मी वाकलो आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिलो.

"तेव्हा द्यायचं काही मनात नव्हतं," बाई म्हणाल्या. "तिचा तिला मिळावा एवढंच. तिला दुसरं काय होतं? स्वेटरसुद्धा तिच्याबरोबर गेला. पण तो हातात आला आणि सकाळी ती मुलगी यायची होती. मला तो गॅरेजवाला दिसायला लागला, थांब्यावर बसलेला. फाइल चांगली असती तर मी असं केलं नसतं. पडद्यावर रिकामं दिसलं असतं, मी रिकामं दिलं असतं. नियम तो नियम. पण फाइल मोडली होती ना. कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही काम चांगलं करता."

मग त्यांचा बांध फुटला. "एकोणीस दिवस मी तिला डाव्या कुशीवर झोपवलं. आया आजारी होत्या, मीच बसायचे. तिच्याजवळ जगात एकच गोष्ट होती आणि ती मी उचलून दुसरीला दिली. ती भांडायला येणार नाही म्हणून." पदराने तोंड दाबून त्या रडत राहिल्या. ताईंना ऐकू आलं नव्हतं, पण दिसत होतं. त्यांनी मटारचं ताट बाजूला ठेवलं आणि बहिणीच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. काय झालं हे त्यांनी विचारलंही नाही.

बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, "तुम्ही आता काय करणार?"

मला तिथे जाईपर्यंत पक्कं माहीत होतं. दुरुस्त करणार होतो. चष्मेवालीला कळवा म्हणणार होतो. मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "तुकडा अपुरा आहे," मी म्हणालो. "त्यावर भरवसा ठेवता येत नाही." माझ्या धंद्यातलं ते माझं पहिलं खोटं.

महिनाअखेरीला बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, एका सकाळी ताईंची वेणी घालत असताना गेल्या. वेणी अर्धी राहिली होती, ताई मला सांगत होत्या, आणि त्यांनी ती दोन दिवस सोडली नाही.

पुढे बालगृहाने नवी प्रणाली घ्यायचं ठरवलं आणि जुनी यादी तीत हलवायला मला बोलावलं. बाईंच्याच टेबलाशी बसलो. शनिवारची सकाळ होती, खाली पोरं नेहमीसारखी ओरडत होती. काम सुरू करण्याआधी मी एकाहत्तर उघडला. रिकामा रकाना बघायची मनाची तयारी केली होती. मी जे तिच्याबद्दल बोललो होतो ते आठवत होतं.

रकाना रिकामा नव्हता. शेवटचा बदल माझ्या त्या रविवारनंतरच्या सोमवारचा होता.

"दुपारी दोन. वजन एक किलो नऊशे. डाव्या कुशीवर झोपायची. बोट धरलं की सोडायची नाही. एकोणीस दिवस होती. हिचा शेरा दुसऱ्या मुलीला दिला आहे, हिला न विचारता. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला. शेवटच्या दिवशी ही एकटी नव्हती. मी होते."

मी सगळे शेरे जसेच्या तसे नव्या प्रणालीत नेले. एकही शब्द बदलला नाही. मग एक प्रत काढली, त्या दिवसाची तारीख घालून, आणि ती वेगळी ठेवली.